झेंडा कुणी घ्यायचा

हातात लाल झेंडा असला की लोक माणसाकडे बघत नाहीत आणि झेंड्याकडेही बघत नाहीत. ते घड्याळाकडे बघतात. वेल्ह्याच्या रस्त्यावर, खाणीच्या अलीकडच्या वळणावर मी उभी असते. खाणीत सुरुंगाचे बार उडवायचे असले की गाड्या थांबवायच्या आणि आतलं काम निर्धोक झालं की सोडायच्या, एवढंच माझं काम. बारावी शिकलेली बाई हे करते म्हणून माहेरची माणसं हळहळतात. मला त्याचं काही वाटत नाही. हल्ली बऱ्याच गोष्टींचं वाटत नाही.

हे काम मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. ते त्याच खाणीत ब्लास्टर होते, म्हणजे सुरुंग भरून उडवण्याचा परवाना असलेला माणूस. सासऱ्यांची मेंढरं वर वस्तीवर. लग्नानंतर काही वर्षं मी त्या मेंढरांमागे फिरले. मग खाणीला झेंडा धरायला माणूस हवा होता, तेव्हा ह्यांनी माझं नाव सुचवलं. "तुला तसंबी जागची कुणी हलवू शकत न्हाई," असा वर टोमणा.

मी भाकरी थापत असायचे आणि ते चुलीपुढे बसून नियम विचारायचे. सुरुंगाच्या कांड्या आणि त्या पेटवायच्या टोप्या एका पेटीतून न्यायच्या का? न्हाई. ठासायला लोखंडी पहार चालती का? न्हाई, लाकडाची काठी. बार भरायच्या जागी विडी? मी म्हणायचे, तुमी घरातली सोडा, मग मला विचारा. ते हसायचे आणि विडी चुलीत टाकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी.

पण माझ्यासाठी खरा नियम एकच होता. ज्याने रस्त्यावर उभं केलं, त्यानेच येऊन झेंडा घ्यायचा. तोवर हलायचं नाही.

"खाणमालक आले तर?"

"त्यास्नीबी थांबव."

बार उडाले, त्यांनी आत जाऊन सगळं तपासलं की लांब भोंगा वाजायचा. मग ते धूळभरल्या पायांनी वळणावर चालत यायचे, माझ्या हातातला झेंडा घेऊन गुंडाळायचे आणि म्हणायचे, "सुटलीस." मग मी गाड्या सोडायचे. रोजचं होतं हे. रोजच्या गोष्टीकडे माणूस नीट बघत नाही.

दुसरा नियम मोजण्याचा. मोठे दगड फोडायला वातीचे बार लावत. किती लावलेत ते मला आधी सांगून जात, म्हणजे मीही वळणावरून कानाने मोजायचे. एखादा कमी भरला तर तो फसलेला बार. वात दमट असली की आतल्या आत धुमसत राहते. ती विझली की जिवंत आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून अर्धा तास त्याच्या जवळ कुणी जायचं नाही. "अर्धा तास म्हंजी अर्धा तास," ते म्हणायचे. बाकी सगळ्यावर थट्टा चालायची, ह्यावर नाही.

तो वैशाख होता. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून गेला होता, हवा नुसती उकडत होती. जेवायच्या आधी ते मला वळणावर उभं करून गेले. "पाच हायेत," म्हणाले. थोडं पुढे जाऊन वळले. "डबा उघडू नको. संगं जेवू."

एक, दोन, तीन, चार. पाचवा आला नाही.

मी झेंडा वर धरला. तोवर मागे एक एसटी लागली होती, पुण्याच्या माणसांची एक गाडी, आणि शिवऱ्याकडून आलेलं एक वऱ्हाड. पुढे डीजेचा टेम्पो, मागे फुलं लावलेली नवरदेवाची गाडी, तिच्यामागे जीपा. लग्न वेल्ह्याला होतं. जीपमधून फेटा बांधलेले एक गृहस्थ उतरले.

"बाई, मुहूर्त टळाया आलाय आमचा."

"एक बार राहिलाय. अर्धा तास थांबावं लागंल."

"आमी काय खाणीत चाललोय व्हय? रस्त्यानं चाललोय."

"दगडाला रस्ता कळत न्हाई."

एसटीतली माणसं हसली. फेटेवाल्यांना ते झोंबलं. मग जे सुरू झालं ते मी ह्या वळणावर पूर्वीही ऐकलं होतं. मेंढरं हाकायची सोडून ही गाड्या हाकायला आली, इथपासून ते माझ्या आईबापापर्यंत. टेम्पोवरच्या पोरांनी सूर धरला. मी ऐकून घेत होते. शिव्या खाण्याचा पगार वेगळा मागितला पाहिजे, असं मी ह्यांना पूर्वीच म्हटलं होतं.

फेटेवाल्यांनी मोबाईल काढला. खाणमालक त्यांच्या ओळखीचे निघाले. हल्ली सगळेच सगळ्यांच्या ओळखीचे असतात. "तुमची बाई वरात अडवून बसलीय," एवढं मला ऐकू आलं. मी म्हटलं, करा फोन. मालकांचा फोन मला थोडाच येणार होता? माझा मोबाईल घरी होता. मी झेंडा धरून होते आणि मला वाटत होतं, जोवर मी हलत नाही तोवर नियम मोडत नाही.

मग पाचवा बार उडाला.

वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. डीजेवाल्याने गाणं लावलं. फेटेवाले म्हणाले, "झालं की! सोडा आता." मलाही हायसं वाटलं. पाच भरले. आता लांब भोंगा, आता ते येतील, आता डबा उघडू.

भोंगा झाला नाही. गाण्याच्या आवाजात मला आधी काही ऐकूच आलं नाही. मग खाणीच्या बाजूने माणसं ओरडत असल्याचं कळलं. थोड्या वेळाने खाणीचे मुकादम मोटरसायकलवरून आले. गाडी स्टँडवर न लावता त्यांनी ती तशीच आडवी पडू दिली.

"वहिनी, झेंडा द्या."

"ते कुठं हायेत?"

"द्या आधी."

"त्यांनी उभं केलंय. त्यांनीच घ्यायचा."

मुकादम डांबरावर खाली बसले. तेव्हा मला कळलं.

गाणं कुणीतरी बंद केलं. नवरदेव गाडीतून उतरला आणि काय करावं ते न कळून, कपाळावरचं बाशिंग सोडून हातात धरून उभा राहिला. चांगला मुलगा असावा. वऱ्हाडाने गाड्या मागे घेतल्या. एसटी थांबून राहिली, तिचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही. माझा हात वर होता. तो खाली घ्यायचा असतो हे मला सुचत नव्हतं. दोघीतिघींनी झेंडा सोडवायचा प्रयत्न केला. माझी बोटं उघडली नाहीत. मी मुद्दाम करत नव्हते.

उन्हं कलल्यावर सासरे वस्तीवरून उतरून आले. त्यांच्या खांद्यावर घोंगडी तशीच होती, मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून आले असणार. ते माझ्याजवळ उभे राहिले. मुलाकडे जाऊन आले होते का, हे मी त्यांना आजपर्यंत विचारलेलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

"त्यानं धाडलंय मला. झेंडा घिऊन ये म्हनला."

सासरे खोटं बोलल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं. मी झेंडा दिला. त्यांनी तो गुंडाळला, त्यांना ते नीट जमलं नाही. "चल पोरी," म्हणाले. सुटलीस असं कुणी म्हणालं नाही.

दहाव्याला मुकादम आले. सगळे नदीवरून परतले तरी ते जाईनात. ओट्यावर बसून राहिले आणि मग बोलले.

"मालकांचा फोन आला, रस्ता मोकळा करा म्हून. म्या ह्यांना सांगितलं. तर म्हनले, अर्धा तास म्हंजी अर्धा तास. मालक आलं तरी न्हाई. बसून ऱ्हायले. मग खाणीच्या तोंडाशी ऐकलेलं म्या आपलं बोलून गेलो वहिनी, तिकडं रस्त्यावर तुमास्नी आईबापावरनं शिव्या देत्यात म्हून. तसं उठलंच. लांबनं बघून येतो म्हनले."

मी त्यांना चहा केला. त्यांनी तो प्यायला नाही.

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, आतल्या आत दाटलंय, बाहेर येऊ दे. आत काही नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात तेव्हा गाल असतो पण आपला नसतो, तशी मी होते, आणि अजून बरीचशी तशीच आहे. राग मात्र आला. मुकादमांवर आला, फेट्यावर आला, आणि सगळ्यात जास्त ह्यांच्यावर. शिव्यांनी मला काय होणार होतं? मी काय काचेची होते? मालकासाठी हलले नाहीत, मुहूर्तासाठी हलले नाहीत, आणि माझ्यासाठी हलले. बाई म्हणून हे मला गोड वाटायला हवं होतं. नाही वाटत.

मी परत त्याच वळणावर गेले. सासरे म्हणाले, मेंढरं हायेत की. पण मला उभं राहायची सवय झाली होती. त्या प्रकारानंतर खाणीने मला बोलायला एक वॉकीटॉकी दिला. वर्षाला एकदा नियमांचं शिबिर भरतं. बाहेरून आलेले साहेब फळ्यावर एकेक नियम लिहितात आणि सगळे मोठ्याने म्हणतात. मीही म्हणते, मला ते पाठच आहेत. माझा एक नियम फळ्यावर नसतो, आणि तो मी कुणाला सांगितलेलाही नाही.

नवा ब्लास्टर माझ्याहून लहान आहे, तरी मी त्याला दादा म्हणते. काम संपलं की तो येऊन झेंडा घेतो. परवा एक बार फसला. त्याने आतून कळवलं, थांबावं लागेल. मी झेंडा वर धरला आणि मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. थोड्या वेळाने वॉकीटॉकी खरखरला.

"ताई, रस्त्यावर काय तरास हाय का? कुणी बोलतंय का?"

पहिल्या गाडीतला माणूस काच खाली करून मला जे म्हणत होता ते लिहिण्यासारखं नाही. दम घ्यायला त्याने तोंड मिटलं आणि हॉर्नही जरा थांबले, तेवढ्यात मी बटण दाबलं.

"काय न्हाई दादा. कुणीच न्हाई हितं. तुमी सावकाश या."