चार आऱ्यांची पुली

२४ नोव्हेंबर १९९३, बुधवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. देवगाव फाट्यावर एसटीच्या टपावरून एक लाकडी पेटी उतरवली गेली. पेटीत पुण्याहून आलेली दोन अश्वशक्तीची मोटार होती. तिच्यासाठी मी तीन महिने हिंडलो होतो.

फाट्यापासून अर्ध्या कोसावर माझी शेड होती. तेथे आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे बनवीत असू. मुंबईच्या एका निर्यातदाराने बारा यंत्रे मागितली होती; ती युरोपात जायची होती. यंत्राबद्दल त्याची तक्रार नव्हती. मोटार मात्र तिकडच्या मानकांप्रमाणे हवी होती. धूळ आत न शिरणारे कवच, अर्थिंगला स्वतंत्र स्क्रू, तापमान आणि आवाज ठरलेल्या मर्यादेत, आणि या सर्वांचा चाचणी-दाखला. पत्र चार पानांचे होते. शेवटच्या पानावर, फिरणाऱ्या प्रत्येक भागाला जाळी असावी, असे एक कलम होते. त्यापुढे मी पेन्सिलीने ‘नंतर’ असे लिहिले होते.

नांदेडच्या एका दुकानदाराने पत्र पुरते वाचलेसुद्धा नाही.

“तुमाला मोटार पायजे का पाटी?” त्याने विचारले.

“म्हणजे?”

“पाटी तयार हाय. पितळेची, विंग्रजी अक्षराची. कोण्या बी मोटारीवर ठोका. तिकडचा मानूस पाटी वाचतो, आत उतरून बघतो का?”

मी उठलो. तो म्हणाला, “चहा तर घ्या सायेब. त्याला पाटी लागत न्हाई.”

मी चहा घेतला नाही. अखेरीस पुण्याच्या एका कारखान्याने दाखल्यासह एक नमुना पाठवण्याचे कबूल केले. तो पसंत पडला, तर बाकीच्या अकरा मोटारी येणार होत्या.

शेडमध्ये माझ्याबरोबर एक मिस्त्री होता. धनगराच्या घरचा, वयाने माझ्याएवढाच. मेंढरे सोडून तो लोखंडात आला, त्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती. घणाच्या आवाजाने त्याचे कान मंद झाले होते; पण स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून तो बेअरिंगचा दोष सांगे, आणि तो चुकत नसे. त्याची एक सवय होती. मोटार बंद केल्यावर पुली आपोआप थांबेपर्यंत तो वाट पाहत नसे. घरघर ओसरली की तळहात पुलीच्या कडेवर दाबून तो ती थांबवी. आमच्याकडे सगळेच तसे करीत. मीही करीत असे.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आमच्या बाजूला पडझड नव्हती, पण माणसे जमिनीकडे कान लावून होती. एखादे भांडे पडले तरी अंगणात येत.

दुपारी एक वाजता आम्ही मोटार ओट्यावर बसवली आणि तिला चार आऱ्यांची बिडाची पुली चढवली. पत्रात लिहिले होते की बंद खोलीत, इतर यंत्रे थांबवून, ती अर्धा तास रिकामी चालवावी. लेथ बंद केला. पत्र्याची दोन्ही दारे लावली. शेडला खिडकी नव्हती. वर ट्यूबलाइट जळत होत्या. मी स्टार्टर दाबला.

जुन्या मोटारी सुरू होताना ओरडत. ही ओरडली नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढा आवाज झाला आणि थोड्या वेळाने तोही कानाला जाणवेनासा झाला. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर लावून ऐकले, पुन्हा ऐकले.

“काय?” मी विचारले.

“कायबी बोलत न्हाई.”

“चांगलेच आहे.”

“मेंढरू गप बसलं, तर आमी रातभर जागतो, मालक.”

आम्ही मोटारीच्या मागच्या बाजूला समोरासमोर बसून राहिलो; तेथून पुलीचे आरे दिसत नव्हते. बाहेरचे काही ऐकू येत नव्हते. शेडमध्ये तिसरे कोणी बसले आहे असे मला दोनदा वाटले. मी मागे पाहिले नाही.

अर्धा तास झाला. मी उठून दाराजवळच्या स्टार्टरपाशी गेलो आणि “वेळ झाली,” असे म्हणालो. बटण दाबण्यापूर्वी वेळ लिहून ठेवावी म्हणून वही उघडली. मान वर केली तेव्हा पुलीचे चारही आरे मला स्पष्ट दिसले. ती उलटी, अगदी सावकाश फिरत होती, कोणी बोटाने मागे लोटावी तशी. क्षणभर मलाच आठवेना, बटण दाबले की नाही.

मिस्त्री उठून पुढे झाला होता. त्याचा तळहात पुलीकडे चालला होता.

ओट्याच्या कडेला ते चार पानी पत्र दगडाखाली ठेवले होते. त्याचा एक कोपरा फडफडत होता. शेडमध्ये वारा नव्हता.

“हात मागे घ्या,” मी म्हणालो.

“बंद केली की तुमी,” तो म्हणाला. हात थांबला नाही.

बटण दाबून उपयोग नव्हता. बिडाची पुली लगेच थांबत नाही. मी खांद्याने दार ढकलले. ऊन थेट ओट्यावर पडले आणि चारही आरे नाहीसे झाले. त्यांच्या जागी नुसती करडी चकती उरली, धुक्याची असावी तशी. मिस्त्रीचा तळहात तिच्यापासून चार बोटांवर होता. तो तेथेच राहिला. मग त्याने तो दुसऱ्या हाताने धरून मागे आणला.

ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. फिरणारे आरे त्या वेगाशी जवळजवळ जुळले, की डोळ्यांना ते थांबल्यासारखे किंवा उलटे सरकल्यासारखे दिसतात. हे मी पुस्तकात वाचलेले होते. पत्राचा कोपरा मात्र मोटारीच्या मागच्या पंख्याच्या हवेने हलत होता. जुन्या मोटारींच्या गोंगाटात आम्ही कधी डोळ्यांवर विसंबलोच नव्हतो.

मी मोटार बंद केली. पुली पूर्ण थांबेपर्यंत दोघेही जागचे हललो नाही.

“लबाड हाय,” मिस्त्री म्हणाला.

“मोटार चांगली आहे. चूक माझी आहे.”

 तो पाणी प्यायला, आणि चारच्या गाडीने गावी गेला. रोजच्या दुपारच्या चहाची आठवण दोघांनाही राहिली नाही.

मी पुण्याला अकरा मोटारींचे पत्र लिहिले. ट्यूब उतरवून त्या जागी साधे पिवळे बल्ब लावले. त्यानंतर पट्टी कापून चौकट केली, तिच्यावर तारेची जाळी ताणली, ती पुलीवर बसवली आणि चार बोल्ट आवळले.