अर्थ सांग, मगच शब्द

गेल्या वर्षी दिवाळी संपली आणि आठवड्याभरात माझा उजवा पाय मोडला. आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर उभी करताना खडीवरून पाय घसरला, एवढंच निमित्त. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं आणि घरीच बसायला सांगितलं. हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो होतो. बसून राहायची सवय नव्हती. दोन दिवसांतच मी घरात सगळ्यांवर चिडायला लागलो. सगळे म्हणजे एकटी बायको.

मुलगी पुण्याहून चार दिवसांसाठी आली. येताना तिनं इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ आणला. चौकटींचा पट, छोट्या चौकोनी सोंगट्या, प्रत्येक सोंगटीवर एक अक्षर. हातात सात अक्षरं घ्यायची आणि पटावर एकमेकांना जोडून शब्द मांडायचे. चार दिवस आम्ही बाप-लेक खेळलो. बहुतेक डाव मीच जिंकले. मुलगी गेली आणि खेळायला कुणी उरलं नाही.

बायको समोर बसून पावटा सोलत होती. मी म्हणालो, "तू बस की."

"मला न्हाय येत त्यातलं काही."

"तीन अक्षरी शब्द तर येतात? कॅट, रॅट, सन. तेवढे लाव."

पाचवीच्या वर्गाशी बोलावं तसं बोललो मी. तिनं पदराला हात पुसले आणि बसली.

ती गडहिंग्लजजवळच्या शेतकरी घरातली. दहावी झाली आणि आमचं लग्न झालं. घरात वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी तीच, पण इंग्रजीच्या वाटेला ती कधी गेली नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पहिले आठ दिवस मी हसतहसत जिंकलो. ती मिल्क, पेन, बस असले शब्द लावायची आणि मी स्पेलिंगं दुरुस्त करायचो. मग तिला खेळाच्या डब्याच्या तळाशी एक छापील कागद सापडला. त्यावर या खेळात चालणाऱ्या दोन अक्षरी शब्दांची यादी होती. तिनं तो कागद फ्रिजवर चिकटवला. दूध तापेपर्यंत त्याच्यासमोर उभी राहून ती ओठ हलवायची. मला वाटलं, वाचतेय बापडी.

एका दुपारी तिनं क्यू आणि आय ही दोनच अक्षरं शेजारीशेजारी ठेवली.

"क्यूच्या मागं यू लागतो," मी म्हणालो. "शब्द नाही हा."

ती उठली, कागद काढून आणला आणि बोट ठेवलं. शब्द होता. क्यूला गुण भरपूर असतात. तो डाव मी हरलो.

आता प्रामाणिकपणे सांगतो, मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "पाठांतर करून काय उपयोग? उद्यापासून नियम. अर्थ सांगितला तरच शब्द धरायचा."

ती म्हणाली, "बरं." आणि चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझा जाडजूड शब्दकोश स्वयंपाकघरात गेला. मुलीची एक अर्धवट वापरलेली वही निघाली. शब्दकोशात नसेल ते ती मुलीला फोन करून विचारायची. वहीत सारख्या शेवटाच्या शब्दांना एकेक पान दिलेलं. एका पानावर शेवटी ए-टी असलेले, दुसऱ्यावर ए-वाय असलेले, आणि प्रत्येकापुढं मराठी अर्थ. अक्षर बारीक, गोल, शाळेतल्यासारखं.

त्या रविवारी तिनं ए आणि आय ठेवले.

मी म्हणालो, "आई? अगं, मराठी चालत नाही."

"मराठी न्हाय हे."

"मग ते कॉम्प्युटरवालं? ती नुसती आद्याक्षरं. शब्द नव्हे."

"जनावर हाय," ती म्हणाली. "झाडाला उलटं लटकून राहतंय. पायाला तीन बोटं. दिवसभर झोपा काढतंय, जाग्यावरनं हलत न्हाय." आणि उशीवर ठेवलेल्या माझ्या प्लॅस्टरकडं तिनं एकदा बघितलं.

मी पोट धरून हसलो. कित्येक दिवसांनी घरात असं हसणं झालं. पुढचे काही दिवस फार मजेत गेले. दोन ए म्हणजे ज्वालामुखीतून वाहत येऊन गोठलेला खडबडीत दगड. क्यू-आय म्हणजे चिनी लोक म्हणतात तो, आपण प्राण म्हणतो तसला काहीतरी. हे सगळं मला ती सांगत होती. यातला एकही शब्द मी तीस वर्षांत फळ्यावर लिहिला नव्हता.

मग एका दुपारी तिनं एच, ए, वाय असा शब्द लावला.

"वाचून दाखव," मी म्हणालो.

"हाय."

आणि मला हसू फुटलं. हे हसू वेगळं होतं. वर्गात एखादा पोरगा चुकला की मास्तरला येतं ते. "हाय काय, हाय! हे म्हणायचं, हे!"

तिनं हातातल्या सोंगट्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "पोरगी तीन वर्षांची असताना तुमच्या शाळेत स्नेहभोजन होतं. आठवतंय?"

"असेल."

"कुणाची तरी बायको आलती. तिनं मला इंग्रजीत विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, फादर इज फार्म. फार्मर म्हणायचं होतं मला. सगळे हसले, त्याचं काही न्हाय. पण पहिल्यांदा तुम्ही हसला."

मी आठवायचा प्रयत्न केला. ते जेवण आठवेना, ती बाई आठवेना. पण ते वाक्य ओळखीचं होतं, आणि का ओळखीचं होतं तेही हळूहळू ध्यानात आलं. पुढं कितीतरी वर्षं मी ते स्टाफरूममध्ये विनोद म्हणून सांगत होतो. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय, चुकलंच की." ती खूप शांतपणे म्हणाली. मग सोंगट्या परत उचलल्या. "अर्थ विचारला न्हाय तुम्ही."

"सांग."

"वाळलेलं गवत. कोशात तसंच दिलंय. म्हणजे जोंधळ्याचा कडबा न्हवं आणि भाताची पिंजरही न्हवं. पिंजरीला ते स्ट्रॉ म्हणतात. जनावराला दोन्ही एकदम घातलं, तर आधी कशाला तोंड लावतंय ते बघा, मग कळंल."

मी दोन्ही शब्दांपुढं पोरांकडून गवत, गवत असंच लिहून घेत आलो होतो.

प्लॅस्टर निघालं तरी खेळ सुटला नाही. दुपारचा चहा झाला की पट उघडतो. निम्मे डाव ती जिंकते. उच्चार तिनं विचारला तर सांगायचा, नाहीतर गप्प बसायचं, हा नियम मी माझ्यापुरता केला. पाळायला जड जातो.

संक्रांतीला मुलगी आली, तेव्हा तिच्याबरोबर ऑफिसातली एक मैत्रीण होती. केरळची, मराठी अजिबात न येणारी. मी बोलायला तोंड उघडायच्या आत बायकोनं पाट सरकवला आणि म्हणाली, "सिट." ताटात भाकरी, खर्डा, दही वाढलं. "ईट. हॉट, व्हेरी हॉट."

पाहुणीला खर्डा फार आवडला. कशाचा केला, तिनं विचारलं. बायको म्हणाली, "चिली, गार्लिक, सॉल्ट. नो वॉटर." मग पाहुणीनं इंग्रजीत भरभर काहीतरी लांबलचक विचारलं. बायकोनं हात वर केला. "अगेन. स्लो."

माझ्या जिभेवर मराठी भाषांतर तयार होतं. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मुलगीही ताटात बघत राहिली.

पाहुणीनं सावकाश परत विचारलं. हे किती दिवस टिकतं?

बायकोनं जरा विचार केला. "टेन डे," म्हणाली.

शेवटचा एस राहिला होता. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि दह्यात बुडवला. दुसऱ्या दिवशी निघताना पाहुणी खर्ड्याची बरणी मांडीवर घेऊनच रिक्षात बसली.