दुसरा गुड फ्रायडे

त्या मॅनेजरचा मला अजून राग येतो. पण त्याच्याहून जास्त येतो तो माझ्या हसण्याचा.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. दोहातल्या एका बांधकाम कंपनीत मी टाइमकीपर होतो. कुणाची हजेरी, कुणाची रजा, शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, कामावर कोण, सगळं माझ्या हातात. म्हणजे लिहिणारा हात माझा, सही मॅनेजरची. मॅनेजर पुण्याचा. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे कुणाची टिंगल करायची तर तो समोर उभा असतानाच बिनधास्त मराठीत करायचो. लाज नव्हतीच. आम्ही त्याला गंमत म्हणायचो.

शटरिंगच्या सुतारांचा फोरमन ग्रीक होता. त्याच्या लोकांची दोहात दहा-बारा घरं असतील. चर्च नाही, पाद्री नाही. मुशैरिब भागातल्या एका घराच्या दिवाणखान्यात ते जमायचे. त्यांच्या प्रार्थना गाता यायच्या त्या फक्त या फोरमनला, कारण त्याचे वडील गावच्या चर्चमध्ये गायचे. गुड फ्रायडेला ते येशूची तिरडी सजवत आणि तिच्यासमोर तो गायचा. तिरडी त्याने शटरिंगच्या प्लायवूडचीच केली होती. फुलं म्हणजे कंपाउंडातली कण्हेर आणि बोगनवेल.

त्यांचा ईस्टर बहुतेकदा बाकीच्या ख्रिश्चनांच्या नंतर येतो, हे त्यानेच मला सांगितलं. मला नवल वाटलं नाही. मी त्याला स्मार्त आणि भागवत एकादशी समजावून दिली: आई आज उपास करते, शेजारच्या काकू उद्या, देव दोघींचा एकच. तो भलताच खूश झाला. दर वर्षी ईस्टरच्या रविवारी तो हेल्मेट भरून लाल रंगवलेली अंडी आणायचा. एक मला देऊन स्वतःचं त्यावर आपटायचा. फुटायचं नेहमी माझंच.

त्या वर्षी गोव्याच्या आणि केरळच्या मुलांचा गुड फ्रायडे पाच आठवडे आधी आला. साइटवर तेव्हा शुक्रवारीही काम चालू होतं. फोरमन आपणहून म्हणाला, यांना सोड, यांच्या जागी मी येतो, माझ्या शुक्रवारी मला सोड. मी कबूल केलं. पण रजेच्या तक्त्यात रकाना एकच होता, ख्रिश्चन. मी आळसाने सगळ्यांच्या नावापुढे सुट्टी टाकली, त्याच्याही. माणूस उन्हात उभा आणि कागदावर सुट्टी भोगतोय.

त्याचा शुक्रवार आला आणि नेमका स्लॅब ओतायचा ठरला. तो ठरलेली सुट्टी मागायला मॅनेजरपुढे येऊन उभा राहिला. मॅनेजरने तक्ता पाहिला आणि मराठीत मला म्हणाला, "अहो, सुट्टी घेतलीय की याने. यांचा देव काय वर्षातून दोनदा मरतो?"

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. तक्ता चुकलाय, चूक माझी आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. नाही म्हटलं, कारण दिवाळीला मला महिन्याची रजा हवी होती आणि सही याच माणसाची. फोरमनने विचारलं, काय म्हणतात? मी इंग्रजीत सांगितलं, स्लॅब अर्जंट आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नसावं.

शुक्रवारी अंधार पडेपर्यंत तो स्लॅबवर होता. मुशैरिबला लोकांनी त्याची वाट पाहिली आणि शेवटी प्रार्थनांची कॅसेट लावली. आमचा ड्रायव्हर फोरमनच्या बायकोला तिथे सोडायला गेला होता. बायका टेपरेकॉर्डरसमोर उभ्या राहून रडत होत्या, असं त्याने मला सांगितलं. मी त्याच्यावरच खेकसलो, तुला कुणी विचारलंय?

रविवारी हेल्मेट आलं. चहावाल्याला अंडं, ड्रायव्हरला अंडं, मॅनेजरलाही अंडं. माझ्या टेबलावरून तो तसाच पुढे गेला. मी त्याला दारात गाठून विचारलं, मॅनेजरला दिलंस आणि मला नाही?

"त्याला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तुला माहीत होतं. खलास."

मी जागेवर येऊन बसलो. मॅनेजर ते अंडं मीठ लावून खात होता, आणि लाल टरफलं माझ्या तक्त्यावर ठेवत होता.