बरं हाय म्हणणारी लालबी

केंदूरच्या लालबीला कुणी काही विचारलं, की उत्तर ठरलेलं. "बरं हाय." तिचा धंदाच तसा होता. बांगड्या भरणारीच्या तोंडी वाईट शब्द चालत नाही. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं, पेटीतला माल संपला तरी 'संपला' म्हणायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते म्हणतात. मग नव्या नवरीचा हात हातात धरून रडगाणं गाणारी बाई कुणाला हवी?

आणि हिच्या पायाला जखम. डाव्या घोट्याच्या वर, तळहाताएवढी. डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव हिंडता हिंडता शिरा फुगल्या, मग एक फोड आला, फुटला, तो काही भरलाच नाही. लेक शिरीन तेव्हा पाळण्यात होती; आता शिरीनला पोरं झाली. जखम वाहायची, वास मारायची. लालबी कापडावर कापड बांधायची, वर अत्तराचा बोळा खोचायची आणि साडी टाचेपर्यंत सोडायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकता येते हो, वास कसा झाकणार? गावाला सगळं ठाऊक होतं. गाव बोलत नव्हतं, एवढंच.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पुण्याहून डॉक्टर तेजश्रीबाई आल्या. न भरणाऱ्या जखमा घेऊन माणसं जगतात कशी, ते त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी त्या घरोघर प्रश्न विचारत हिंडत होत्या. लालबीकडं आल्या तेव्हा ओट्यावर म्हाळसाबाई बसलेली. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, चुडा कुणाकडून भरायचा ते ठरवायला आली होती. म्हाळसाचं नाक तिखट आणि जीभ त्याहून तिखट. डॉक्टरबाईंनी तिच्यादेखतच विचारायला सुरुवात केली. एवढं शिकलेल्या माणसाला हे कळू नये, याचं नवल वाटतं.

"मावशी, दुखतं का? दहापैकी किती?"

"एक. त्ये बी लई चाललं तर."

"झोप लागते?"

"लागती की."

"वासामुळं लोक लांब बसतात?"

म्हाळसानं पदर नाकाशी नेला. लालबीनं तो पाहिला. "न्हाई बा. समदं बरं हाय."

"कुठं जायचं टाळता का?"

शिरीनच्या सासरी जावयाच्या गादीला डाग पडला होता. त्या दिवसापासून लालबीनं लेकीच्या घराची पायरी चढली नव्हती. "न्हाई, कुठं बी जाती," ती म्हणाली.

उठता उठता बाई म्हणाल्या, "ज्यांचे जास्त हाल आहेत त्यांना आधी पुण्याला नेणार. कातडं लावून जखम बुजवता येते. तुमचं तर बरंच चाललंय, मावशी."

लालबीनं म्हाळसाकडं पाहिलं. अजून वेळ होती. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. म्हाळसा हिरव्या बांगड्या निरखत होती, पण कान इकडंच होता. "व्हय, बरं हाय," लालबी म्हणाली, आणि डॉक्टरबाईंची जीप निघून गेली.

चुडा तिनंच भरला. लग्नघरी मागीलदारी जाऊन ती अत्तराचा बोळा बदलून आली.

थंडी पडली तशी जखमेची कड वर आली. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, टणक. कापड घासलं तरी रक्त यायचं. जांघेत अवधाणाची गाठ आली, ती काही उतरेना. लालबी रोज बघायची आणि रोज साडी ओढून घ्यायची. तिला भीती वाटत होती. इतकी वर्षं जखम होती तशी राहिली होती. आता तिचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. नवरा, अयुब, अंगणात झोपायचा. म्हणायचा, आत उकडतं. ऐन थंडीत! शेवटी त्यालाच राहवेना. तेजश्रीबाई तेच प्रश्न पुन्हा विचारायला शिरूरच्या दवाखान्यात आल्यात असं कळलं, आणि त्यानं तिला एसटीत बसवलं.

या वेळी खोलीत तिसरं कुणी नव्हतं. लालबी बोलत सुटली. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, माशा पाठ सोडत नाहीत, नवरा बाहेर झोपतो, नातवंडांना मांडीवर घेता येत नाही. जन्मात ती एवढं वाईट बोलली नव्हती. बोलून जीव हलका झाला.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत, मावशी?"

"म्हाळसा बसली व्हती न्हवं. तिच्या लेकीचं लगीन व्हतं."

बाईंनी कापड सोडलं. कड बोटानं दाबून पाहिली, जांघ चाचपली. मग बेसिनपाशी गेल्या आणि पाठ करून हात धूत राहिल्या. हात कधीच स्वच्छ झाले होते.

"कसं हाय, बाई?" लालबीनं विचारलं.

नळ बंद झाला. "बरं आहे, मावशी. पुण्याला जाऊन एकदा दाखवू."

हा आवाज लालबीच्या ओळखीचा होता. आजवर तो तिच्याच तोंडून निघत आला होता. तिनं साडी टाचेपर्यंत ओढली आणि उठली.

बाहेर बाकावर अयुब बसला होता. "काय म्हनल्या?"

"बरं हाय म्हनल्या."

अयुबनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिचा हात धरून तो एसटीकडं चालू लागला.