सहाव्या दगडाचा धागा

आमच्या घरात भूतखेत, भानामती हे शब्दसुद्धा चालत नसत. सासऱ्यांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हाच अंगारे-धुपारे बंद झाले. त्यामुळे हे लिहिताना मला लाजच वाटते आहे... पण लिहिते.

साल १९७६-७७ असावं. आम्ही रिसोडला राहायचो. यजमान शाळेच्या लॅबमध्ये नोकरीला. खिडकीच्या काचा जोडून त्यांनी घरीच माशांची टाकी केली होती. तलावातलं पाणगवत आणायचं, तुकडे करायचे, एकेक तुकडा दोऱ्याने दगडाला बांधून पाण्यात सोडायचा. मुळांनी दगड धरला की दोरा काढायचा. हौस त्यांची, राबायची मी.

तेव्हा आमची पाच वर्षांची सुजाता टायफॉईडने अंथरुणाला खिळलेली. ताप उतरेना, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. विहारातल्या भंतेजींनी घरी येऊन रक्षणासाठी परित्राणपाठ केला आणि पाठात धरलेल्या पांढऱ्या सुताचा धागा तिच्या डाव्या मनगटाला बांधला. तिने बाबांच्या पेनने गाठीवर निळा ठिपका काढला.

दुसऱ्या दुपारी तुकडे बांधायला बसले, तर दोरा संपलेला. पाठाचं उरलेलं सूत घेतलं — सूतच ते, म्हटलं. पाच दगड झाले. सहावा घेतला, तोच सुजाता कण्हली. दगड आणि तुकडा न बांधताच टाकीत टाकून मी धावले.

तिचं मनगट रिकामं होतं. अंथरूण झटकलं, धागा सापडला नाही.

संध्याकाळी यजमान टाकीपाशी थांबले. "हा सहावा कोनं बांधला?"

मी वाकून पाहिलं. मधे बारीक, दोन्ही टोकांना जाड असा तो दगड. त्याला तुकडा पक्का बांधलेला... आणि गाठीवर निळा ठिपका. धागा कुठेच तुटलेला नव्हता, आणि गाठ न सोडता तो त्या जाड टोकांवरून आत सरकणं शक्यच नव्हतं.

"पाठाचं सूत कायले वापरलं तू?" म्हणत त्यांनी धाग्याला ब्लेड लावलं.

"बाबा, हात दुखून राह्यला," आतून सुजाता रडली. तिथून टाकी दिसतच नव्हती.

त्यांनी ब्लेड ठेवून दिलं. त्याच रात्री तिचा ताप उतरला.

पाच दगडांवरचं सूत महिन्याभरात कुजलं. सहाव्याचं नाही. पुढे टाकी फुटली, यजमानही गेले... तो दगड मी अजून बरणीत, पाण्यात ठेवते. का, ते मला सांगता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सुजाता आली होती. सायन्स शिकवते ती. "आई, काप तो धागा आता. कायले भेतं?"

मी कात्री आणली, झाकण काढलं. बघते तर तिने डावा हात पदराखाली घेतला होता.

मी झाकण परत लावलं.