अंकुशची हजेरी

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला एसटीपर्यंत पोचवायला आली नाही. ती अंगणवाडीत सेविका होती आणि त्या दिवशी लेकरांची वजनं होती. काट्याला टांगलेल्या झोळीतलं रडकं लेकरू सांभाळत ती एवढंच म्हणाली, "जा तू. पोचलीस की शेजारी फोन कर." शहरात औरंगपुऱ्यातल्या खोलीवर मी कित्येक दिवस धुमसत होते. जगाच्या लेकरांना वेळ, पोटच्या पोरीला नाही! तुमच्यातले जे माझ्यासारखे शहरात आले, त्यांना असला राग ठाऊक असेल.

आई गेली. मी शहरातच रुजले. स्कूटी, लॅपटॉप, रविवारी मॉल. काम मात्र अंगणवाड्यांचंच मिळालं. तालुक्यातल्या अंगणवाड्यांची तुलना करायची, टॅबवर गुण भरायचे. जी तळाला राहील ती बंद होऊन शेजारच्या गावातल्या अंगणवाडीत जाणार. वेरूळच्या रस्त्यावरच्या एका अंगणवाडीत फरशी, रंगवलेल्या भिंती, टीव्हीसुद्धा होता. तिला मी पैकीच्या पैकी दिले. मग आमच्या गावाची पाळी आली. पत्रे तेच होते, गळतही तिथंच होते.

आईची मदतनीस शाहीनबी आता एकटीच गाडा ओढते. तिनं हजेरी घेतली. पहिलंच नाव, "अंकुश."

मी टॅबवरून मान वर केली. अंकुश माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा असताना तापानं गेला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

"हजर, बाई!" दारातून आवाज आला. वीटभट्टीवरची एक चिमुरडी हातात ताट घेऊन उभी होती.

"बाई दरसाल नव्या रजिस्टरात त्याचं नाव लिवायच्या," शाहीनबी हळूच म्हणाली. "म्हनायच्या, एक ताट जास्ती पायजे. ज्याचं नाव कुठंच नाय, त्या लेकराला. अब मैं कैसे काटूं, बोल?"

मला आई हे कधीच बोलली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं.

अंगणवाडीच्या सरकारी मोबाइलमधल्या यादीपेक्षा रजिस्टरात एक नाव जास्त होतं. टॅबवर प्रश्न होता, पटात तफावत आहे का? 'होय' दाबलं की आमची अंगणवाडी तळाला आणि ही एवढीएवढी लेकरं हायवे ओलांडून पलीकडच्या गावात. मी ठरवलं, अंकुशचं नाव काढायचं आणि दोन्हीकडं हिचं घालायचं. म्हणजे सगळंच खरं होईल. पेन उघडून मी तिला जवळ घेतलं. "तुझं खरं नाव काय गं?"

तिनं शाहीनबीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"अंकुश," ती म्हणाली.

माझ्यानं काट मारवली नाही. मी 'नाही' दाबलं. खोटं लिहिलं, आणि ते अजून मनाला खातं. गावात आता आमचं घर उरलेलं नाही. तरी कुणी विचारलं की मी त्याच गावाचं नाव सांगते. तिथं माझ्या भावाच्या नावाला अजून कुणीतरी ओ देतं.