बिनकढईचा नाताळ

वालूरच्या झुंबरबाईला नाताळ यायचा तो आधी पाठीत. दिवाळीची पणती विझते न विझते तोच तिच्या कमरेत कळ उठायची आणि ती सुनेला म्हणायची, "ऋतिका, आला गं माय नाताळ!" देवदूतांनी मेंढपाळांना ही वार्ता मोठ्या आनंदाची म्हणून सांगितली होती. झुंबरबाईच्या तोंडून मात्र ती टोळधाड आल्यासारखी निघायची.

तिचंही काही चुकत नव्हतं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. दिवाळीला सगळी गल्ली झुंबरबाईकडे फराळ पाठवायची, आणि आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा तर आपल्याकडचा कायदाच. त्यामुळं गल्लीतले डबे, ताटं, वाडगी, सगळं नाताळापर्यंत तिच्या फळीवर मुक्काम ठोकून असायचं. डिसेंबर लागला की ती पदर खोचायची. करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे, अनारसे! सगळी भांडी भरून गेली की त्या घरांना पुन्हा घोर, कारण सोबत झुंबरबाईचीही ताटं जायची आणि त्यांनाही रिकामं परतायची सोय नव्हती. समोरच्या दत्तरावांच्या आणि हिच्या घरात एक पितळी डबा इतकी वर्षं ये-जा करत होता, की तो मुळात कोणाचा हे आता दोन्ही घरं विसरली होती. ज्याच्या घरी असेल त्याला तो डोळ्यांत खुपायचा.

फराळावर भागलं असतं तरी बरं. पण भिंतींना चुना हवा, गोधड्या धुतलेल्या हव्यात, आणि दारावरचा तारा नवाच हवा. मग नाताळाच्या सकाळी उपासनेला बसली, की झुंबरबाईची हनुवटी छातीला टेकलेली. पाळकसाहेब गव्हाणीपर्यंत पोचायचे तोवर ही घोरायला लागलेली असायची.

पण खरं दुःख झोपेचं नव्हतं, गळ्याचं होतं. झुंबरबाई गायची. तिचे वडील ढोलकीवर ख्रिस्ताची भजनं म्हणत, त्यांचा तो मोकळा, उंच आवाज लेकीनं जसाच्या तसा उचलला होता. कापूस वेचताना ती गुणगुणायला लागली की शेजारच्या ओळीतल्या बायकांचे हात थांबत. मात्र नाताळ जवळ आला की तेलाच्या धुरानं तिचा घसा असा धरायचा की शब्द फुटायचा नाही. मग नाताळाचं पहिलं गीत जायचं तिच्या जावेकडे, सविताकडे. सविता मनानं सोन्यासारखी. पण ती गायला लागली की चाल एका वाटेनं जायची आणि ढोलकी दुसऱ्या. झुंबरबाई कोपऱ्यात बसून ओठ चावायची.

यंदा पाळकसाहेब नवे होते. सरावाला त्यांनी झुंबरबाईचं एकच कडवं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, नाताळाचं पहिलं गीत तुम्हीच धरायचं. फक्त लोक म्हणतात, तुमचा आवाज ऐन वेळी बसतो. बसला तर काळजी करू नका, सविताबाई आहेतच."

ते "सविताबाई आहेतच" झुंबरबाईच्या काळजात रुतलं. घरी आली तर फळीवरची भांडी आ वासून बसलेली. तिनं कोंबडीला हाकललं, मांजराला शिव्या दिल्या आणि मग सुनेकडे मोर्चा वळवला.

ऋतिका घाबरत म्हणाली, "आत्याबाई, सेलूहून विकतचं आणू का?"

"विकतचं? मंग नाताळबी विकतच आण तिथून!"

हा आवाज कुंपणापलीकडे सरजाबाईच्या कानावर गेला. सरजाबाई म्हणजे झुंबरबाईची जुनी मैत्रीण. भीमजयंतीला बौद्धवाड्यातल्या बायकांची सगळी फौज हिच्या हुकमात. ती आली, फळीकडे पाहिलं, मैत्रिणीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि खाली बसली.

"कामून मरायलीस गं एकटीच?" सरजाबाई म्हणाली. "आमी जयंतीला शंभर कामं करतो, पर एकीच्या डोक्यावर घालत न्हाई. गाव करी ते राव न करी."

"तुजं ठीक हाय. ही भांडी रिकामी पाठवू व्हय? इज्जत राहील का?"

"रिकामी कोण म्हणतंय? चिमूट चिमूट साखर घाल. साखर घातली की भांडं रिकामं ऱ्हात न्हाई, माजी आजी म्हणायची."

"आन् चुना?"

"देवाचं लेकरू गोठ्यात जन्मलं म्हणून तूच सांगतीस ना मला? त्या गोठ्याला चुना कोणी दिल्ता?"

सरजाबाईनं मग उरलेल्या कामांचाही निकाल लावला. गोधड्या उन्हात टाकायच्या, धुवायच्या नाहीत. तारा गेल्या सालचाच, फक्त कागद बदलायचा. आलेल्या-गेलेल्याला चहा आणि मुरमुऱ्यांचा चिवडा. कढई माळ्यावर.

कढई माळ्यावर गेली खरी, पण साखरेची भांडी घेऊन दारोदार जायला झुंबरबाईचे पाय उचलेनात. तिनं ऋतिकाला पिटाळलं आणि बजावलं, जास्त बोलू नकोस. ऋतिका आज्ञाधारक. प्रत्येक दारात तिनं भांडं दिलं, मान खाली घातली आणि एवढंच म्हणाली, "यंदा आत्याबाईला घसा जपायचाय."

झालं! गल्लीनं सुतावरून स्वर्ग गाठला. झुंबरबाईच्या घरून डबा यावा आणि त्यात करंजी नसावी? नुसती साखर? म्हणजे बाईचं दुखणं साधं नाही. पहिल्या घरी तिचा घसा सुजला होता. चौथ्या घरी पाणी उतरेनासं झालं. गल्लीच्या टोकाला खबर पोचली तेव्हा तिला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, फक्त गाडी यायची बाकी होती.

इकडे दवाखान्याची पेशंट अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती. कितीतरी वर्षांत डिसेंबरचं ऊन तिनं असं अंगावर घेतलं नव्हतं. हातात गरम पाण्याचा पेला, समोर वाळत पडलेल्या गोधड्या. तिला इतकं बरं वाटत होतं की थोडं चुकल्यासारखंही वाटत होतं.

तेवढ्यात बायका आल्या. पडलेल्या चेहऱ्यांनी, हळू पावलांनी, आणि आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून प्रत्येकीच्या हातात तेच भांडं, आता भरलेलं. धपाटे, तिळाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू. दत्तरावांच्या सुनेनं, राजेश्रीनं तर गिळायला सोपा म्हणून पातळ शिरा आणला होता.

"अगं पर मला कायबी झालं न्हाई!" झुंबरबाई म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आजारी माणूस असंच म्हणतं.

"बोलू नका मावशी!" राजेश्री तिच्या तोंडावर हात ठेवत म्हणाली. "एक सबद बोलू नका. ऋतिका, हिंग उगाळ. मिठाच्या गुळण्या द्यायल्यात ना?"

झुंबरबाईनं सरजाबाईकडे मदतीसाठी पाहिलं. सरजाबाई पदर तोंडात कोंबून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलताना पाहून बायकांना वाटलं, बिचारी रडायलीय, आणि त्यांची खात्रीच पटली.

नाताळापर्यंत झुंबरबाईला कोणी बोलू दिलं नाही. चुलीजवळ जाऊ दिलं नाही. अंगण झाडायला वाकली तर हातातून खराटा काढून घेतला. घशाची अशी बडदास्त कुठल्या गवयाचीही राहिली नसेल. तिनं दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तोंडात लवंग आली.

नाताळाची सकाळ उजाडली. झुंबरबाई धुतलेलं लुगडं नेसून पत्र्याच्या प्रार्थनामंदिराकडे निघाली, तशी गल्लीत पळापळ झाली. अशा अवस्थेत ही बाई निघाली कुठं? वाटेत पडली-बिडली तर? राजेश्री, सरजाबाई आणि आणखी बऱ्याच जणी तिच्या मागोमाग गेल्या आणि मागच्या सतरंजीवर, काय करायचं ते माहीत नसल्यानं, हात जोडून बसल्या. गावात इतकी वर्षं मंदिर होतं, पण आत त्या पहिल्यांदाच येत होत्या. नाताळ त्यांच्या दारात ताटातून यायचा, मग इथं यायचं कारणच पडलं नव्हतं.

ढोलकीवर थाप पडली. सवितानं सवयीनं घसा खाकरला. पाळकसाहेबांनी झुंबरबाईकडे पाहिलं आणि ती उभी राहिली.

"अवं मावशी, घसा!" राजेश्री अर्धी उठली. सरजाबाईनं तिला पदराला धरून खाली बसवलं.

झुंबरबाईनं डोळे मिटले आणि सूर लावला. पहिल्या ओळीलाच तो पत्र्याला भिडला. स्वच्छ, भरलेला, कुठंही न चिरकलेला. दुसऱ्या कडव्याला ढोलकीवाला मान डोलवायला लागला आणि सविता, खरंच मनाची सोन्यासारखी, मोठमोठ्यानं टाळ्यांचा ठेका धरू लागली. मागच्या सतरंजीवर कोणी हलेना. आजारपणाची गोष्ट त्या विसरूनच गेल्या होत्या.

गीत संपलं. झुंबरबाईनं डोळे उघडले, मागे वळून बायकांकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, आता सगळं उघडं पडणार, या आपल्याला ढोंगी म्हणणार. राजेश्री डोळे पुसत पुढं आली.

"मावशी, लगीन होऊन आल्यापून मी तुमच्या करंज्या खायलेय," ती म्हणाली. "तुमी असं गाता, हे मला कोणीच सांगितलं न्हाई."

"सांगणार कवा, बाई?" झुंबरबाई म्हणाली. "मी कढईपाशी असायची."

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. राजेश्रीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"मंग आता करंज्या नकोत. दर सालाला ह्येच द्या."

झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पाळकसाहेबांना न विचारताच दुसरं गीत धरलं.